पांढरीची साक्ष : रस्त्याच्या कामापूर्वीचे पुरातत्त्वीय सर्वेक्षण

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागात, इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरला लागून कळंब हे गाव आहे. दक्षिणेला नीरा नदी वाहते, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर या परिसरात ऊस उभा आहे, आणि उत्तरेकडून बारामती, लासुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर असा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग जातो. या मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. पाटस ते तोंडले-बोंडले हे अंतर सुमारे १३० किलोमीटर आहे. आळंदीहून निघणाऱ्या पालखीच्या मार्गाचे, दिवेघाट ते मोहोळपर्यंतचे सुमारे २२१ किलोमीटरचे कामही त्याच दिवशी आरंभले गेले. म्हणजे कऱ्हा, नीरा आणि भीमा या तीन नद्यांच्या खोऱ्यांतून एकाच वेळी साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता रुंद होऊ लागला. रस्ता हवा, याविषयी दुमत नाही. परंतु जमीन खोदण्यापूर्वी त्या जमिनीत काय आहे, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न बौद्ध इतिहासाच्या अभ्यासकांनी तरी विचारलाच पाहिजे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

काळी आणि पांढरी

आपल्या खेड्यांत जमिनीचे दोन भाग मानले जातात. पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. हा भेद केवळ बोलण्याचा नाही, तो मातीचाच आहे. जेथे माणसे शतकानुशतके राहतात तेथे चुलीची राख, कोसळलेल्या भिंतींची माती, शेणामुताचे क्षार, हाडे आणि खापरे यांचे थर साचत जातात आणि मातीचा रंग फिकट, राखाडी होतो. वस्ती उठून गेली तरी हे टेकाड मागे राहते. त्यामुळे ज्या शेताला गावकरी आजही ‘पांढरीचे शेत’ म्हणतात, तेथे कधीकाळी गाव नांदत होते, असा तर्क पुरातत्त्वज्ञ करतात आणि तो बहुधा खरा ठरतो. महाराष्ट्रातील अनेक प्राचीन स्थळांचा शोध या एका शब्दाच्या आधाराने लागला आहे.

नीरेच्या खोऱ्यात असा शोध नवीन नाही. कळंबच्या वरच्या अंगाला, बारामती तालुक्यात कऱ्हा आणि नीरा यांच्या संगमाजवळ सोनगाव आहे. तेथे १९६० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. याच तालुक्यातील मोरगावजवळ कऱ्हेच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली आहेत. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ पासून पुढे बारा हंगाम उत्खनन चालले आणि इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातील खेड्याचे घर, धान्य, दफन आणि पाण्याचा पाट यांसह समग्र चित्र उभे राहिले. या स्थळांवर ना शिखर होते, ना शिलालेख. माणसे पायी हिंडली, त्यांनी खाली पाहिले, खापर उचलले, म्हणून ती सापडली.

लेण्यांतील दाते कोठे राहत होते?

महाराष्ट्रातील बौद्ध इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लेणी उभी राहतात. कार्ले, भाजे, बेडसे, जुन्नर, कान्हेरी, अजिंठा. नीरेच्याच वरच्या टप्प्यात शिरवळची लेणी आहेत. खडक टिकतो, म्हणून ही साक्ष टिकली. पण लेणी म्हणजे संपूर्ण धम्मजीवन नव्हे. भिक्खुसंघ भिक्षेवर जगत होता आणि भिक्षा गावातून येत होती. लेण्यांतील लेखच हे सांगतात. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या आणि धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट या गावच्या दात्यांची नावे पुन्हा पुन्हा येतात. उषवदाताने वलूरक येथील भिक्खूंसाठी करजिक नावाचे गाव दिल्याचा लेख तेथेच आहे.

हे धेनुकाकट नेमके कोठे? त्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. बांबूकाम करणाऱ्या त्या उपासकांची घरे कशी होती, ते काय खात, गावात त्यांची वस्ती कोणत्या बाजूला होती, याचे उत्तर कोणत्याही लेण्यात नाही. ते उत्तर पांढरीत आहे. दात्यांची नावे खडकात कोरली गेली आणि दात्यांची गावे मातीत मिसळली.

शिवाय मैदानी प्रदेशात खडक नसल्यामुळे स्तूप आणि विहार विटांचे बांधले जात. सोपारा येथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरलेला स्तूप, धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सापडलेले स्तूपाचे अवशेष, भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये उत्खनन झालेले स्तूप ही त्याची उदाहरणे होत. उत्खननापूर्वी यांपैकी बहुतेक ठिकाणी पाहणाऱ्याला दिसत होते ते केवळ टेकाड. नीरा ज्या भीमेला नरसिंहपूर येथे मिळते, त्याच भीमेच्या काठी, कर्नाटकात, सन्नतीजवळ कनगनहळ्ळी आहे. तेथे १९९० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने महास्तूप उजेडात आणला आणि त्यातील एका शिल्पपटावर सम्राट अशोकाचे नाव कोरलेले आढळले. ज्या नदीच्या एका टोकाला अशोकाची प्रतिमा शतकानुशतके मातीखाली राहू शकते, तिच्या उपनद्यांच्या काठची सगळी टेकाडे रिकामी आहेत असे गृहीत धरणे शास्त्राला धरून होणार नाही.

बांधकामात गेलेला वारसा

बांधकामासाठी प्राचीन अवशेष वापरण्याचा प्रकार आपल्या देशात जुना आहे. सारनाथचा धर्मराजिक स्तूप १७९४ साली बनारसच्या राजाचा दिवाण जगतसिंह याने विटांसाठी उकरला. आत अस्थींची मंजूषा मिळाली, त्या अस्थी गंगेत सोडण्यात आल्या. पुढे वरुणा नदीवर पूल बांधताना सारनाथच्या ४८ मूर्ती व शिल्पखंड खांबांच्या रक्षणासाठी पाण्यात टाकले गेले आणि दुसऱ्या पुलासाठी ५० ते ६० गाड्या दगड तेथून नेला गेला, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी करून ठेवली आहे. अमरावतीच्या महास्तूपाच्या कोरीव शिळा चुनाभट्टीत गेल्या. लाहोर-मुलतान रेल्वेमार्गाच्या सुमारे १०० मैलांच्या खडीसाठी हडप्पाच्या विटा पुरल्या, असे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी लिहिले. त्या विटा कोणत्या काळातील आहेत, याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती.

आज मूर्ती कोणी पुलाखाली टाकणार नाही. आजचा धोका वेगळा आहे आणि तो दिसत नाही, म्हणूनच अधिक आहे. रस्त्याची रुंदी तर खोदली जातेच, पण भरावासाठी लागणारा मुरूम आणि माती रस्त्याच्या हद्दीबाहेरून आणली जाते. सपाट शिवारात उंचवटा शोधणाऱ्याला पहिल्यांदा दिसते ते टेकाड. शेतकऱ्यालाही शेत सपाट करून हवे असते. दोघांची सोय होते आणि अडीच हजार वर्षांचे थर दोन दिवसांत यंत्राच्या तोंडी जातात. पूर्वीही लोक पांढरीची माती खतासाठी आणि धाब्याच्या घरांवर घालण्यासाठी नेत. परंतु ती बैलगाडीने नेत. टेकाड झिजायला पिढ्या लागत. आता तशी उसंत राहिलेली नाही.

इंदापूर तालुक्याने असा अनुभव एकदा घेतला आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यात पळसदेवचे प्राचीन मंदिर गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते वर दिसते, लोक पाहावयास जातात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. हे योग्यच आहे, वारसा कोणत्याही पंथाचा असो, तो सर्वांचा आहे. पण त्याच पाण्यात गेलेल्या गावांच्या पांढरीचे छायाचित्र कोण घेणार? दगड दिसतो म्हणून त्याची हळहळ वाटते. माती विरघळते आणि तिच्याविषयी प्रश्नही उरत नाही.

सर्वेक्षण म्हणजे काय?

पुरातत्त्वीय सर्वेक्षण म्हणजे उत्खनन नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ‘पुरातत्त्ववाले आले की वर्षानुवर्षे काम अडणार’ ही भीती या दोहोंची गल्लत केल्यामुळे निर्माण होते. रस्त्यापूर्वीच्या सर्वेक्षणाच्या साधारणपणे चार पायऱ्या असतात.

पहिली पायरी कागदावरची. जुने गॅझेटियर, गावनकाशे, पूर्वीच्या उत्खननांचे अहवाल, उपग्रहाची छायाचित्रे आणि शेतांची नावे एकत्र करून नियोजित रस्त्याच्या दोन्ही अंगांना कोठे संभव आहे, हे नकाशावर मांडले जाते. पांढरी, गढी, जुने गावठाण, लेणे, टेकडी अशा नावांना येथे पुराव्याचे मोल असते.

दुसरी पायरी पायांची. अभ्यासक ठरावीक अंतर राखून ओळीने शिवार तुडवतात. नांगरट झाल्यावर, पीक उभे नसताना हे काम उत्तम होते. पृष्ठभागावरील खापरे, विटांचे तुकडे, मणी, दगडी पाती, लोखंडाची मळी गोळा होते आणि प्रत्येक वस्तूची जागा नोंदवली जाते. तांबड्या खापरावर काळी नक्षी असेल तर ते ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीकडे बोट दाखवते. काळे-तांबडे भांडे, झिलईदार तांबडे खापर आणि मोठ्या आकाराची वीट सातवाहन काळ सुचवते. विहिरीची, ओढ्याची वा जुन्या चराची उभी कड पाहिली तर खोदाई न करताही थर वाचता येतात.

तिसरी पायरी चाचणीची. जेथे अवशेषांची दाटी आहे तेथेच लहान चाचणी खड्डे घेऊन थरांची खोली आणि काळ तपासला जातो.

चौथी पायरी निर्णयाची. आखणी थोडी सरकवता येते का, भराव टाकून अवशेष खालीच सुरक्षित ठेवता येतात का, की रस्ता टाळता येत नसल्यामुळे आधी रीतसर उत्खनन करून नोंद करावी लागेल, हे ठरते. काम सुरू झाल्यावर खोदाईच्या जागी जाणकार माणूस हजर ठेवणे हा या पायरीचाच भाग होय.

आखणी कागदावर असताना रेषा सरकवणे सोपे असते. भूसंपादन झाले, पैसे वाटले गेले, यंत्रे उभी राहिली, की तीच गोष्ट अशक्य होते. म्हणून सर्वेक्षण आधी व्हावे, हा आग्रह पुरातत्त्वाच्या हिताचा आहे तसाच रस्त्याच्याही हिताचा आहे.

कायदा कोठपर्यंत पोहोचतो?

प्राचीन स्मारकांविषयीचा केंद्रीय कायदा १९५८ चा आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. राज्य शासनाचा स्वतंत्र कायदा १९६० चा आहे. मोठ्या महामार्गांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय पूर्वपरवानगी लागते आणि त्या अर्जात सांस्कृतिक मूल्यासाठी कायद्याने संरक्षित असलेल्या जागांची माहिती द्यावी लागते. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानुसार, जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे.

या सर्व तरतुदी नीट वाचल्या तर त्यांतील उणीव लक्षात येते. जे स्मारक आधीच ओळखले गेले, अधिसूचित झाले, त्याचे रक्षण कायदा करतो. जे अद्याप सापडलेच नाही, ते यादीत नाही, आणि यादीत नाही म्हणून अर्जात नाही. निखात निधीचा कायदा जागा होतो तो वस्तू सापडल्यानंतर, आणि तोही ‘धना’च्या भाषेत बोलतो. खापराला, राखेच्या थराला, चुलीला दहा रुपयांचेही मोल कोण देईल? अनोळखी स्थळाचा शोध रस्त्यापूर्वीच घेतला पाहिजे, अशी सर्वसाधारण सक्ती आपल्याकडे नाही. खरी पोकळी येथे आहे.

अन्य देशांनी ही पोकळी भरली आहे. फ्रान्सने २००१ साली कायदा करून बांधकामापूर्वीचे पुरातत्त्वीय काम शासकीय कर्तव्य ठरवले आणि त्याचा खर्च बांधकाम करणाऱ्यावर टाकला. बौद्ध जगातील उदाहरण जपानचे आहे. नारा ही इ.स. ७१० ते ७८४ या काळात जपानची राजधानी होती आणि तेथील विहार जगप्रसिद्ध आहेत. १९६० च्या दशकात तेथील प्राचीन राजवाड्याच्या पूर्व कडेवरून महामार्गाचा वळणरस्ता नियोजित होता. आधी चाचणी उत्खनन झाले, राजवाड्याचे आवार समजुतीपेक्षा पूर्वेला पसरलेले आहे असे दिसून आले, आणि रस्त्याची आखणी बदलण्यात आली. रस्ताही झाला, राजवाड्याची जागाही राहिली.

आपल्या देशातही इच्छा असते तेव्हा मार्ग निघतो. नागार्जुनसागर धरणात नागार्जुनकोंड्याचे खोरे बुडणार हे निश्चित झाल्यावर १९५४ ते १९६० या काळात तेथे विस्तृत उत्खनन झाले आणि निवडक वास्तू टेकडीवर पुन्हा उभारण्यात आल्या. गुजरातेत देवनीमोरी येथील स्तूपाचे उत्खनन १९६० नंतरच्या काही वर्षांत बडोद्याच्या विद्यापीठाने केले. अस्थिमंजूषा हाती आली. नंतर ते स्थळ मेश्वो धरणाच्या पाण्याखाली गेले. स्थळ वाचले नाही, पण साक्ष वाचली. आधी पाहिले म्हणूनच हे शक्य झाले.

गावाच्या कडेचा प्रश्न

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात एक मूलभूत प्रश्न विचारला. अस्पृश्यांची वस्ती गावाबाहेर का? पराभूत टोळ्यांतील विखुरलेली माणसे गावाच्या सीमेवर राहिली, ती बौद्ध होती आणि त्यांनी बौद्ध धम्म सोडला नाही, अशी उपपत्ती त्यांनी मांडली. साखळीतील दुवे हरवले असता इतिहासकाराने काय करावे, याची चर्चा त्यांनी त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत केली आहे. म्हणजे हा सिद्धांत तपासला जावा, त्याचे दुवे शोधले जावेत, हे त्यांना अभिप्रेत होते.

हे दुवे कोठे असतील? ग्रंथांत असते तर ते केव्हाच सापडले असते. गाव आणि गावाबाहेरची वस्ती यांच्या थरांचा तौलनिक अभ्यास हा त्यासाठीचा एक मार्ग आहे. गावाबाहेरची वस्ती केव्हापासून दिसते? तिचे पाणी, तिची भांडी, तिचे अन्न गावापेक्षा केव्हा वेगळे झाले? आजवरची उत्खनने बहुधा टेकाडाच्या मध्यावर, जेथे थर जाड आहेत तेथे झाली. कडेच्या वस्तीचे थर पातळ असतात, घरे कच्ची असतात, म्हणून तिकडे लक्ष कमी गेले. आणि रस्ता रुंद होतो तो बहुधा गावाच्या कडेनेच. ज्या पुराव्याची आपल्याला सर्वांत अधिक गरज आहे, तोच पुरावा सर्वांत आधी, सर्वांत निमूटपणे नाहीसा होण्याचा संभव आहे. या विषयाकडे केवळ पुरातत्त्वज्ञांचा विषय म्हणून पाहता येत नाही, ते यासाठीच.

कर्तव्य आणि विवेक

हे काम शासनाने करावे, ही मागणी रास्त आहे. परंतु काही गोष्टी गावपातळीवरही होऊ शकतात. शिवारातील पांढरीची शेते, जुन्या विहिरी, विटांचे थर यांची गट क्रमांकासह यादी ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदवता येते आणि तिची प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पाठवता येते. राष्ट्रीय महामार्गासाठी भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यावर जमिनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीला २१ दिवसांच्या आत लेखी हरकत घेता येते. ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागू आहे तेथे हा मुद्दा नोंदवता येतो. मुरूम-मातीच्या उत्खननाचा परवाना महसूल खाते देते. त्यापूर्वी जागा पांढरीची नाही ना, एवढे तपासावे, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करता येते. विहारात येणाऱ्या तरुणांनी खापर ओळखायला शिकणे हे एका दिवसाच्या शिबिरात होऊ शकते. मात्र वस्तू उचलून घरी वा विहारात नेऊ नये. जागेवरून हललेली वस्तू आपली निम्मी साक्ष गमावते. छायाचित्र घ्यावे, जागा लिहावी आणि कळवावे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. सापडलेले प्रत्येक खापर बौद्ध नसते आणि प्रत्येक टेकाडात स्तूप नसतो. कळंबच्या शिवारात सर्वेक्षण झाले आणि तेथे केवळ ताम्रपाषाणयुगीन चूल वा मध्ययुगीन पेव मिळाले, तरी ते काम सार्थकी लागले असेच म्हटले पाहिजे. परंपरेने सांगितले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून वा आपल्याला आवडते म्हणून काही मान्य करू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. तो इतरांच्या दाव्यांना लागू आहे तसाच आपल्याही दाव्यांना लागू आहे. ज्यांचा इतिहास पुसला गेला त्यांना कल्पित इतिहासाने समाधान मानणे परवडणारे नाही. त्यांना नोंदलेली, तपासता येणारी साक्ष हवी.

ती साक्ष नीरेच्या काठी अजून काही ठिकाणी शिल्लक असेल. नांगराला लागणारे खापर शेतकरी बांधावर टाकतो आणि पुढे जातो. त्याने ते क्षणभर हातात घ्यावे आणि कोठे सापडले ते लिहून ठेवावे. यंत्र येण्यापूर्वीचे पहिले सर्वेक्षण तेच होय.